यंत्राला प्रदक्षिणा

काही वस्तू कारखान्यात तयार होतात, पण त्यांचे बारसे रस्त्यावर होते. जेसीबीचेच पाहा ना! जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या एका इंग्रज गृहस्थाने १९४५ साली भाड्याच्या लहानशा गॅरेजमध्ये शेतीच्या गाड्या जोडायला सुरुवात केली. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरे आज आपल्याकडे खेड्यापाड्यांतल्या पोरासोरांच्या तोंडी आहेत. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, ते पिवळे असले, पुढे सुपडे आणि मागे सोंड असली की तो जेसीबी. साखळीच्या पट्ट्यांवर रांगणारे ते पोकलेन. हे नाव मूळचे एका फ्रेंच कंपनीचे. माती वाहणारा मोठा डंपर तो हायवा. आणि मौज अशी की, हे नाव गाडीचेसुद्धा नव्हे, गाडीचा हौदा उचलणारे जॅक बनवणाऱ्या कंपनीचे!

२०१९ च्या मे महिन्यात मोबाइलवर एका थट्टेला ऊत आला होता. जेसीबी कुठे खणत असला की आपण भारतीय लोक हातातले काम टाकून बघत उभे राहतो, अशी ती थट्टा. थट्टा खोटी नव्हती. आमचे हे चाळीस वर्षे आकड्यांत डोके घालून निवृत्त झालेले गृहस्थ. पण भाजी आणायला म्हणून गेले की कोथिंबीर सुकून घरी येते. का, तर कोपऱ्यावर पोकलेन चालले होते! जुन्या इमारतीच्या भिंतीत सुपडे घुसते, शंभर माणसांना आठ दिवस पुरले असते ते काम तासाभरात होते, आणि आपण तोंडात बोट घालून पाहत राहतो. त्यात वावगे काही नाही. मात्र बघ्यांच्या गर्दीत पहिल्या रांगेत नेहमी मुले असतात, आणि ती पहिली रांग यंत्राच्या फार जवळ असते. ते पाहिले की माझे हसू मावळते.

दर आठवड्याला या पानावर मी घरातल्या चार गोष्टी लिहिते. दिवाळी अंकासाठी संपादकांनी जागा थोडी ऐसपैस दिली आहे, तेव्हा यंदा उंबऱ्याबाहेर पडावे म्हणते. फार लांब जायचे नाही, समोरच्या फाटकापर्यंतच. पुण्यातल्या आमच्या गल्लीत गेले दहा महिने जुन्या तीन मजली इमारती एकामागून एक पडत आहेत आणि त्यांच्या जागी बारा-चौदा मजली उभ्या राहत आहेत. मुंबईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्याकडे हे कधीचेच सुरू आहे. पूर्वी मोठी बांधकामे गावाबाहेर असत. धरण कोयनेला, कारखाना पिंपरीला. आता वीस टनांचे यंत्र आपल्या तुळशीवृंदावनापासून वीस फुटांवर येऊन उभे राहते, आणि ज्या गल्लीत दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावे लागते, त्याच गल्लीतून शाळेची मुले, दूधवाला, काठी टेकत फिरायला निघालेले आजोबा आणि हायवा अशी सगळी मिरवणूक जाते.

यंदा दसऱ्याला समोरचे काम बंद होते. पोकलेनला झेंडूचे तोरण, नारळ, कुंकवाची बोटे, सगळे यथासांग झाले होते. चालवणारा बीड जिल्ह्यातला, तिशी-पस्तिशीचा माणूस. रोजची ओळख झालेली, म्हणून प्रसाद घ्यायला त्याने आम्हा दोघांना बोलावले. मी सहज म्हटले, "अरे, तुला एवढ्या उंचावरून सगळी गल्ली दिसत असेल, नाही?"

तो हसला. म्हणाला, "मावशी, वर बसून बघा एकदा. भ्यायचं काय? किल्ली माझ्या खिशात हाय."

शिडी चढताना चढावे तसे तोंड यंत्राकडे करून, दोन्ही दांडे धरून मी वर चढले. वयाच्या साठीनंतर नऊवारी नव्हे तरी पाचवारी नेसून हे करणे सोपे नाही, हे येथे नोंदवून ठेवते. बसले. समोरची काच मोठी, डावीकडचे दार उघडे. वाटले, वा, राजाचे सिंहासन आहे! मग त्याने यांना सांगितले, "काका, तुम्ही मशीनभोवती एक चक्कर मारा. मावशी, काका कुठं हायेत ते सांगत राहा."

डावीकडे हे दिसले. समोर दिसले. मग उजव्या बाजूला वळले आणि नाहीसे झाले! पांढराशुभ्र झब्बा, साडेपाच फूट उंची, अंगाने चांगले भरलेले गृहस्थ. पण पोकलेनची केबिन डाव्या अंगाला असते आणि उजव्या अंगाला तो भला थोरला लोखंडी हात. त्या हाताच्या पलीकडचे काही म्हणता काही दिसत नाही. पुढे मागच्या बाजूला तर इंजिनाची खोली आणि तिच्या पाठीला लावलेले वजन. मला यांचा आवाज ऐकू येत होता, "अगं, दिसतोय का मी?" आणि मी मान तिरपी करून, आरशात डोकावून थकले. इंजिन बंद होते म्हणून निदान आवाज तरी आला. ते सुरू असते तर तोही आला नसता. साडेपाच फुटी माणसाची ही कथा, मग तीन फुटी पोराची काय असेल?

नव्या यंत्रांना मागे कॅमेरा असतो. या यंत्रालाही होता. त्याच्या भिंगावर चिखल होता आणि पूजेत त्यावर कुंकू लागले होते, ते त्या माणसाने माझ्यासमोरच पुसले.

मी खाली उतरले तेव्हा तो म्हणाला, "म्हणून मी रोज सकाळी मशीनला प्रदक्षिणा घालतो. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा एक."

मला वाटले, श्रद्धाळू माणूस आहे. पण ही प्रदक्षिणा निराळी होती. त्याने करून दाखवली: पायी एक फेरी, प्रत्येक बाजूला खाली वाकून पट्ट्याखाली नजर, मग वर चढून दोन वेळा हॉर्न, आणि थोडे थांबून मग किल्ली. ही सवय कशी लागली, असे यांनी विचारले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग सांगितले ते असे. काही वर्षांपूर्वी तो दुसऱ्या एका कामावर हेल्पर होता. दुपारची सुट्टी, वैशाखाचे ऊन, सावली म्हणून सगळ्या आवारात नाही. त्याच्याच गावचा एक पोरगा उभ्या हायवाच्या खाली, चाकाजवळ, गमछा तोंडावर घेऊन झोपला. सुट्टी संपली. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू केली आणि पुढे घेतली.

"ड्रायव्हर वाईट नव्हता, मावशी. त्याला दिसलंच नाही. पोराच्या बापाला फोन मीच केला."

यापुढे त्याने काही सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

अपघात झाला की आपण 'चालक बेदरकार होता' असे वाचतो आणि पान उलटतो. बेदरकार चालक असतातच. पण यंत्राजवळच्या अपघातांचे मूळ बहुतेकदा इतके सोपे असते की त्याची बातमी होत नाही. चालकाला माणूस दिसत नाही. आणि जो उभा असतो त्याला वाटते, एवढा मोठा मी, मला हा बघत नसेल होय? आपण ज्याला पाहतो तोही आपल्याला पाहतो, हा माणसामाणसांतला नियम आपण न कळत यंत्राला लावतो.

मी घड्याळ लावून पाहिले. त्याची प्रदक्षिणा चाळीस सेकंदांत पुरी होते. मग सगळेच ती का घालत नाहीत? उत्तर भाड्याच्या हिशेबात आहे. पोकलेन तासाच्या भाड्यावर येते. हायवाच्या ड्रायव्हरला पुष्कळदा खेपेवर पैसे मिळतात. जितक्या खेपा तितकी कमाई. तयार काँक्रीट घेऊन येणाऱ्या मिक्सरच्या गाडीला आणखी एक घोर असतो, तिच्या पोटातला माल घट्ट व्हायच्या आत, दीड-दोन तासांत, ओतलाच पाहिजे. वाहतुकीत तास गेला की ड्रायव्हरचे लक्ष घड्याळाकडे. कणीक मळून ठेवली आणि गॅस संपला म्हणजे आपली जी गत होते, तीच त्याची. फक्त त्याची कणीक चौदा-पंधरा टन असते. कारण सहा घनमीटरची गाडी, आणि घनमीटरला सुमारे २.४ टन काँक्रीट. गाडीसह वजन २५ टनांच्या पुढे जाते. तेवढे वजन आपल्या गल्लीत उलट्या पावलांनी शिरते.

पोकलेनचेही थोडे सांगते. वीस टनी पोकलेन एका जागी उभे राहून सगळेच्या सगळे गोल फिरते आणि एक पुरा फेरा घ्यायला त्याला पाच-सहा सेकंद लागतात. सुपडे पुढे फिरते हे सगळ्यांना दिसते. पण त्याच वेळी पाठीचे वजन, काही टनांचे, मागच्या बाजूने तितक्याच वेगाने फिरत असते. यंत्राची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये दोन फुटांची वाट असली की आपल्याला ती जवळची वाट वाटते. ती वाट नव्हे, अडकित्ता आहे. त्या ठिकाणी दोरी किंवा पत्रा लावून ती बंदच केली पाहिजे. समोरच्या कामावर ती तशी नव्हती, दसऱ्यानंतर लावली.

चालकाशी बोलायचेच असेल तर? आमच्या बीडकराने मला पद्धत शिकवली, तीच लिहिते. समोरून, लांबूनच हात वर करायचा. त्याची नजर मिळेपर्यंत जागचे हलायचे नाही. नजर मिळाली तरी निघायचे नाही. त्याने सुपडे जमिनीला टेकवले आणि दांड्यांवरचे हात काढून दाखवले, म्हणजे मग निघायचे. हाताने खूण केली, 'या या' म्हटले, एवढे पुरत नाही, कारण त्याची कोपरखळी दांड्याला लागली तरी सोंड हलते.

मोठ्या गाड्यांच्या बाबतीत एक गोष्ट स्कूटरवाल्या वाचकांनी ध्यानात धरावी. हायवा किंवा मिक्सर डावीकडे वळतो तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने येत नाहीत. ती कोपरा कापत आत येतात. म्हणून वळणावर डाव्या फटीतून स्कूटर पुढे काढणे फार धोक्याचे. आणि गाडीच्या नाकासमोरची जमीनही उंच केबिनमधून दिसत नाही. उभ्या हायवाच्या अगदी पुढून मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणे आपल्याला सुरक्षित वाटते, कारण गाडी उभी आहे. ती केव्हा सुटेल हे आपल्याला ठाऊक नसते आणि आपण तेथे आहोत हे त्याला ठाऊक नसते. आठ-दहा पावले पुढे जाऊन, ड्रायव्हरचा चेहरा दिसेल अशा ठिकाणाहून ओलांडावे. कानात ती गाण्याची बोंडे असतील तर तेवढ्यापुरती काढावीत. सुनांना आणि मुलींना हे सांगून मी थकले, मुलग्यांना तर सांगतच नाही.

आता जरा अप्रिय विषय. मागे जाताना या गाड्या 'टूं टूं' असा आवाज करतात. दिवसभर तो ऐकून डोके उठते, हे मान्य. आमच्या गल्लीत आजारी माणसे आहेत, परीक्षेची मुले आहेत. तेव्हा पलीकडच्या सोसायटीतून एक अर्ज गेला: हा आवाज बंद करावा. ठेकेदार मोठा तत्पर! दुसऱ्या दिवशी आवाज बंद. कसा, तर वायर उपटून. अर्ज करणारे सगळे सज्जन लोक, त्यांच्या मनात कोणाचे वाईट नव्हते. पण त्या आठवड्यात ज्या गाड्या आल्या त्या मुक्याने मागे आल्या, आणि फाटकाशी पहारेकऱ्याची तीन वर्षांची मुलगी वाळूत भातुकली मांडून बसलेली असे.

या दुखण्यावर औषध आहे. 'टूं टूं' ऐवजी 'खश्श खश्श' असा, घशातून काढल्यासारखा आवाज करणारे भोंगे मिळतात. तो आवाज गाडीच्या मागे उभ्या असलेल्याला स्पष्ट कळतो, कोणत्या दिशेने येतो हेही चटकन उमगते, आणि लांबच्या खिडकीपर्यंत पोहोचता पोहोचता विरतो. अर्ज करायचाच तर याच्यासाठी करावा.

आणि भोंग्याहूनही मोलाचा असतो माणूस. जुन्या मालट्रकचा क्लीनर आठवतो ना? खाली उतरून, गाडीच्या अंगावर थापा मारत 'येऊ दे, येऊ दे, बस्स!' म्हणणारा. बांधकामावर त्याच कामाला सिग्नलमन म्हणतात. अंगात भडक पिवळे-नारिंगी जाकीट, हातात लाल आणि हिरवे निशाण, आणि उभे कुठे राहायचे, तर गाडीच्या थेट मागे नव्हे, बाजूला, ड्रायव्हरच्या आरशात आपला चेहरा दिसेल अशा जागी. आरशातून तो नाहीसा झाला की गाडी तत्क्षणी थांबली पाहिजे. साधा नियम! पण ठेकेदाराला पैसे वाचवायचे झाले की पहिली काट या माणसाला लागते, कारण तो विटा उचलत नाही, माती खणत नाही, नुसता 'उभा' असतो. बघायचेच तेवढे काम असलेल्या माणसाला पगार द्यायला आपल्याकडे कोणाचा हात पुढे होत नाही.

उंच क्रेनविषयी वाचक भगिनींचे प्रश्न येतात, तेव्हा दोन शब्द. रात्री काम बंद असताना टॉवर क्रेनचा लांब हात आपोआप हळूहळू फिरताना दिसतो आणि लोक घाबरून फोन करतात. घाबरू नका. काम संपल्यावर तो मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, म्हणजे देवळावरच्या पताकेसारखा वाऱ्याबरोबर वळतो आणि वाऱ्याचा मार अंगावर घेत नाही. बांधून ठेवला तर धोका अधिक. क्रेन किती ओझे उचलील हे ती किती लांब हात करते त्यावर ठरते. भरलेली कळशी कमरेवर घेऊन आपण दोन जिने चढतो; तीच हात लांब करून धरा पाहू! वाऱ्याचा हिशेब चुकला म्हणजे काय होते ते ११ सप्टेंबर २०१५ रोजी मक्केच्या मोठ्या मशिदीत जगाने पाहिले. वादळात भली मोठी क्रेन कोसळली आणि शंभराहून अधिक यात्रेकरू गेले; वापरात नसताना तिचा हात खाली उतरवून ठेवायला हवा होता, तो वरच होता. आपल्याकडे समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूरजवळ, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर पुलाचे तुळईसारखे भाग चढवणारे यंत्र वरून खाली आले आणि वीस माणसे मेली. तेथे जाणारा-येणारा कोणी नव्हता. सगळे कामावरचेच होते. लोंबत्या ओझ्याखाली उभे राहू नये, हे शहाण्याला सांगायला नको. पण ज्याचे पोट त्याच ओझ्याखालच्या कामावर आहे त्याने कुठे उभे राहावे, हे ठरवणारे दुसरेच असतात.

खड्ड्यांचेही तसेच. एक घनमीटर माती म्हणजे साधारण दीड ते पावणेदोन टन, ओली असली तर आणखी. काठावर डंपर उभा केला, मातीचा ढीग रचला, वर पाऊस पडला, म्हणजे काठ खाली येतो. पुण्याच्या वाचकांना कोंढवा विसरता येणार नाही. २९ जून २०१९, पहाटेच्या आधीची वेळ, धो धो पाऊस. एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. पंधरा माणसे गेली, त्यांत चार मुले. भिंतीच्या अलीकडे आपल्यासारखीच कुटुंबे झोपली होती. माझे त्या दिवसापासून असे मत झाले आहे की आपल्या भिंतीला तडा दिसला, तिच्या पायथ्याशी खोदाई दिसली, तर ती 'त्यांची' बाब समजू नये. फोटो काढून पालिकेला आणि बिल्डरला लेखी कळवावे. आणि भिंतीपलीकडे कोणी राहत असेल तर आधी त्यांना उठवावे, कागद मग.

बांधकामावरच्या बायका साडीवर पुरुषांचा जुना शर्ट घालतात, ते तुम्ही पाहिले असेल. मला पूर्वी वाटे, उन्हासाठी असेल किंवा सिमेंटसाठी. ते आहेच, पण फिरत्या मिक्सरजवळ, विंचच्या दोरीजवळ पदर सुटा राहू नये, हाही त्यात फायदा. ही युक्ती कोणत्या अधिकाऱ्याने शिकवलेली नाही, त्यांची त्यांनी काढली आहे. हेल्मेटचे मात्र जमत नाही. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले. हेल्मेट ठेवायचे कुठे? साहेब पाहणीला आले की घमेली खाली आणि हेल्मेटे वर, साहेब गेले की उलट. घमेल्याऐवजी हातगाडी दिली तर डोके हेल्मेटला मोकळे होईल, एवढे साधे उत्तर आहे.

या बायकांची मुले कुठे असतात? १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीच्या बांधकामावर मीरा महादेवन यांना हाच प्रश्न पडला. आया माती वाहत होत्या आणि तान्ही पोरे ढिगाऱ्यात. त्यांनी तेथेच तंबूत पाळणाघर काढले. काम संपले की पाळणाघर पुढच्या कामावर जाई, म्हणून ते फिरते. १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यावी असे आले. २०२० च्या नव्या संहितेत पन्नास स्त्रियांऐवजी पन्नास कामगार असा हिशेब आहे. हे बरे झाले. तरी आमच्या गल्लीतल्या कामावर तीसच माणसे. कायद्याचा हात आमच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि वाळूत भातुकली मांडणारी ती मुलगी कोणाच्याच हिशेबात नाही.

आमच्या सोसायटीचीही इमारत पाडायची ठरली आहे. गेल्या महिन्यात करारनाम्याच्या मसुद्यावर सभा झाली. तीन तास. कार्पेट एरियावर दीड तास, गाडीच्या जागेवर एक तास, ओट्याच्या दगडाचा रंग हिरवा की काळा यावर पंचवीस मिनिटे. उरलेल्या पाच मिनिटांत मी उभी राहिले. म्हटले, दोन ओळी घाला: माणसांचे फाटक वेगळे आणि गाड्यांचे वेगळे, आणि शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळी मोठी गाडी आत-बाहेर नको, एरवी फाटकावर सिग्नलमन असल्याशिवाय नको.

सचिव म्हणाले, "काकू, अटी फार झाल्या तर बिल्डर पळून जाईल."

"ओट्याच्या दगडापायी पळाला नाही, तो निशाणवाल्या माणसापायी पळेल होय?"

लोक हसले. तळमजल्यावरचे आजोबा, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, "लिहून घ्या हो. आम्ही भाड्याच्या घरात जाऊ; या गल्लीत बाकीचे राहणारच आहेत." ओळी लिहिल्या गेल्या. बिल्डरने फाटकाची अट मान्य केली आहे. सिग्नलमनच्या पगाराचे घोडे अजून अडले आहे. तो आमच्या जादा रकमेतून कापावा असे त्याचे म्हणणे, कापू नये असे आमचे. पुढची सभा तुळशीच्या लग्नानंतर आहे.

तोवर समोरच्या कामापुरते आम्ही एवढे केले आहे. आमच्या सोसायटीची खालची खोली, जिथे एरवी कॅरमचा मोडका बोर्ड आणि गणपतीची मखरे पडून असतात, ती सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडी ठेवतो. दोन निवृत्त शिक्षिका आळीपाळीने बसतात. पहिल्या दिवशी पहारेकऱ्याची मुलगी एकटीच आली, आणि येताना फ्रॉकच्या ओच्यात भातुकलीसाठी वाळू घेऊन आली. आता चार मुले येतात. वाळू आम्ही कुंड्यांच्या ट्रेमध्ये काढून दिली आहे. संध्याकाळी पोकलेन थांबले की बीडकर खिडकीशी येऊन पोरे मोजतो आणि मगच हातपाय धुवायला जातो.